सावडीची डबी

माझ्या सख्ख्या बहिणीच्या नावाच्या डबीत दुसऱ्याच बाईची थुंकी होती, आणि हे जिनिंगमधल्या तिच्या अख्ख्या टोळीला माहीत होतं. चहा करणाऱ्या बाईला माहीत होतं, गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनलासुद्धा. माहीत नव्हतं ते एकट्या मला. आणि त्या डब्यांवर नंबर टाकणारी, वाटणारी, गोळा करणारी बाई मीच होते. कधीतरी हे हसत हसत सांगता येईल असं वाटलं होतं. कसलं काय, अजून डोकं तापतं.

आधी एक सांगते, मी काही बाहेरून आलेली बाई नव्हते. जिंतूरच्या त्या जिनिंगमध्ये मी दोन हंगाम आक्काच्या, म्हणजे माझ्या ह्याच बहिणीच्या, मांडीला मांडी लावून काम केलंय. कापूस मशीनमध्ये जाण्याआधी त्यातला पालापाचोळा, काळी पडलेली बोंडं वेचून काढायची, हे बायांचं काम. दिवसभर बारीक धुरळा उडतो. पापण्यांवर बसतो, नाकात जातो, आणि संध्याकाळी प्रत्येक बाई पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. खोकत नाही अशी जुनी बाई तिथं सापडायची नाही. कुणाला ढास लागली की शेजारची म्हणणार, "गूळ खा गं," आणि ओटीतला खडा काढून देणार. खोकल्याला तिथं कुणी आजार म्हणतच नाही.

एका दिवाळीनंतर परभणीहून एक डॉक्टर आले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांना शोधायचं होतं ते एवढंच, की जिनिंगच्या बायांचा हा खोकला कापसाच्या धुळीचा, की क्षयाचा. ऐकायला दोन्ही सारखेच, पण इलाज वेगळा. धुळीचा असेल तर मालकानं पंखे लावावेत, बायांना तोंडाला बांधायला चांगली फडकी द्यावीत. क्षयाचा असेल तर सहा महिने गोळ्या, आणि घरातल्या माणसांचीही तपासणी. त्यांना गावातलीच, बारावी झालेली, बायांशी बोलता येणारी कार्यकर्ती हवी होती. आमच्या टोळीत बारावी झालेली मी एकटी. आक्कानंच मला पाठीत ढोसून पुढं केलं. "जा गं, धुरळ्यातून तरी सुटशील," म्हणाली.

काम मला लय आवडलं, खोटं कशाला बोलू. हातात सर्व्हेचं रजिस्टर, गळ्यात ओळखपत्र. किती वर्षं कापसात आहात, घरात किती जण झोपता, असं विचारायचं. मग दम मोजायच्या छोट्या मशीनमध्ये फुंकायला लावायचं. आणि शेवटी डबी. संध्याकाळी नंबर टाकलेली रिकामी डबी द्यायची. बाईनं सकाळी उठल्या उठल्या, मिसरीच्या आधी, चहाच्या आधी, छातीतून खाकरून त्यात थुंकायचं, झाकण लावायचं आणि कामाला येताना घेऊन यायचं. नुसती तोंडातली लाळ चालत नाही, आतला घट्ट बेडका लागतो. हे मी हातवारे करून सांगायचे आणि बाया पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसायच्या.

"अगं माय, बारावी करून हेच शिकलीस का?" एक म्हणाली.

दुसरी म्हणाली, "मुनीमाच्या नावानं म्हन ना, घागर भरून देते! एवढुशी डबी कशाला?"

मीही पोट धरून हसले. वाटलं, झालं, बाया आपल्याला जमल्या.

आता माझी चूक. जिनिंगमध्ये सगळं टोळीवर चालतं. आणि टोळीत सावड असते. रानात कशी, आज मी तुझ्याकडं खुरपायला, उद्या तू माझ्याकडं, तशीच. एखादीचं अंग मोडून आलं, एखादी लेकराला पाजायला उठली, तर बाकीच्या तिचा ढीग उरकून टाकतात. ढीग उरकला म्हणजे झालं, कुणाच्या हातानं उरकला हे कुणी विचारत नाही. मी स्वतः तशीच वाढलेली. त्यामुळं एकेकीच्या घरी हिंडण्याऐवजी मी बारा डब्या मुकादमिणीच्या ओटीत घातल्या आणि सांगितलं, "वाटा बाई, आणि सकाळी गोळा करून ठेवा." सकाळी बाराच्या बारा भरलेल्या. दुसऱ्या गावच्या कार्यकर्त्यांच्या निम्म्या डब्या रिकाम्या यायच्या. सरांनी बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्याकडून शिका जरा." मी अशी फुगले, की विचारू नका. टोळीत दोन पोरी नुकत्याच आलेल्या, त्यांना अजून नीट खोकलाही लागला नव्हता. त्यांचा बेडका एवढा घट्ट कसा, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

टोळीत सगळ्यांत जास्त आक्का खोकायची. माझा खरा जीव तिच्याच डबीत अडकलेला. दाजी गेल्यापासून ती आणि तिची लेक एकाच खोलीत, एकाच गोधडीत झोपायच्या. त्या हिवाळ्यात लेकीची सोयरीक चालली होती, पोखर्णीकडचं घर, माणसं चांगली, पोरगा कामाचा. आक्काचा कागद आला तो मी तिथंच फोडून वाचला. जंतू नाहीत. मी पळतच तिच्या घरी गेले.

"आक्का, धूळच हाय गं! टीबी न्हाई!"

तिनं तो कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिली. मग "बरं झालं बाई," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर मी दर आठवड्याला तिच्यासाठी गूळ न्यायचे. चांगला, पिवळाधमक. खोकल्याची बाटली न्यायचे. तोंडाला बांधायला दोन सुती ओढण्या शिवून दिल्या. ती सगळं मुकाट्यानं ठेवून घ्यायची. चार महिने मी माझ्या बहिणीला क्षयावर गूळ चारला, आणि ती तो खात राहिली.

लग्न झालं. पोखर्णीला नरसिंहाच्या पाया पडून जोडी घरात गेली. आक्काच्या पोलक्याच्या बाह्या दंडावरून लोंबत होत्या. बाया म्हणाल्या, लेकीच्या काळजीनं वाळली. मीही तेच म्हणाले. दोन महिन्यांनी आम्ही दोघी लेकीला भेटायला गेलो होतो, येताना परभणीच्या स्टँडवर जिंतूरची गाडी लागायची होती. आक्काला ढास लागली. थांबली तेव्हा तिनं पदराचं टोक घाईनं मुठीत घेतलं. मी मूठ उघडली. लाल होतं.

"पान खाल्लं व्हतं," ती म्हणाली.

आक्कानं जन्मात पान खाल्लेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. छातीच्या फोटोत डाव्या फुप्फुसात एवढी मोठी पोकळी. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. आता रोज गोळ्या, एकही दिवस चुकता कामा नये. मी मात्र थुंकी तपासणाऱ्या माणसाशी भांडत बसले. "अहो, हिचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे! मी स्वतः नमुना पाठवलाय!"

तो बिचारा शांतपणे म्हणाला, "ताई, थुंकी ह्यांचीच होती ना?"

"म्हणजे? मी खोटेपणा करते का?" मी असं ओरडले की बाहेरची माणसं आत डोकावली. आक्का बाकावर बसून जमिनीकडं बघत होती. तिनं मान वर केली नाही.

तशीच जिनिंगला गेले. जेवणाची सुट्टी होती. टोळी पत्र्याखाली भाकरीची फडकी सोडून बसलेली. मी विचारलं, "आक्काच्या डबीत कुणाची थुंकी होती?"

मुकादमीण म्हणाली, "बस आधी. घासभर खा."

"भाकर नको मला. नाव सांगा."

तेव्हा कडेला बसलेल्या एकीनं, आमच्याच गल्लीतली ती, शाळेत करतात तसा हात वर केला. "माझी व्हती. दोनदा थुकले. एकदा माझ्या डबीत, एकदा तिच्या."

कुणाला चिमूटभर मीठ उसनं दिलं असं सांगावं, तसं तिनं सांगितलं.

"आक्का म्हनली, मला माझं लक्षन बरं दिसंना, पोरीचं जमायलंय, तेवढं निभावून ने. मी न्हाई कसं म्हनू बाई? माझ्या बाळंतपनात तिनं महिनाभर माझा ढीग उपसलाय."

दुसरी म्हणाली, "त्या दोन पोरींला बी निघंना. त्यांच्या डब्या बी आमीच भरल्या. तुझं काम अडू न्हाई म्हनून."

"आणि सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांला."

"मग मला एकटीलाच कामून सांगितलं न्हाई?"

मुकादमीण भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "ते तुझ्या बहिणीला इचार."

चार महिने ह्या बाया माझ्यासोबत चहा पीत होत्या. माझ्या रजिस्टरमध्ये वाकून बघत होत्या, "माझं नाव नीट लिही गं," म्हणत होत्या. मी आक्कासाठी गूळ घेऊन गेटातून यायचे तेव्हा ह्यांनी एकमेकींकडं बघितलं असेल का? बघितलंच असेल. मला रडू आलं नाही, राग आला. एखादीच्या झिंज्या धराव्यात असा राग आला. पण कुणाच्या धरणार? त्यांच्या मते त्यांनी उपकार केले होते, तिच्यावर आणि माझ्यावरही.

आक्का घरी पडून होती. मी दारातूनच सुरू केलं. "मी तुझी कोण गं? सांग ना, कोण?"

"हळू बोल."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस."

"नसतं लिहिलं!"

"लिहिलं असतंस," ती म्हणाली. "तुला खोटं लिहिताच येत न्हाई. ल्हानपनी मी आंबे पाडले तर आईला जाऊन कुनी सांगितलं? आन लिहिलं असतंस तर घरी कुनीतरी गोळ्या घेऊन आलं असतं, गल्लीत माहीत झालं असतं. पोरीचं जमलं नसतं."

ही शाबासकी होती की थोबाडीत, मला कळेना. मी म्हणाले, "आणि तू मेली असतीस तर?"

"लगीन तर झालं ना."

मी तिच्या घरातला गुळाचा डबा उचलला आणि बाहेर गायीपुढं रिकामा केला.

सरांकडं जायलाच हवं होतं. एकट्या आक्काचा प्रश्न नव्हता, आमच्या टोळीची यादीच खोटी होती. परभणीला गेले, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सरांनीच आम्हाला शिकवलं होतं, की चुकीची नोंद खोडरबरानं पुसायची नाही, वर पांढरी शाई लावायची नाही. एक आडवी रेघ मारायची, खरं काय ते शेजारी लिहायचं, सही करायची. चूक झाली हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणायचे. मला वाटलं, तेच करायचंय.

सर म्हणाले, "आता अहवाल गेला. बंद झालं ते."

"मग दुरुस्ती पाठवा, सर. बायांना परत तपासू."

"एका टोळीनं काय फरक पडतो?"

"सर, त्यात माझी बहीण आहे."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या बहिणीचं मला खरंच वाईट वाटतं. पण डब्या मुकादमिणीच्या हातात कुणी दिल्या? हे बाहेर गेलं तर आधी चौकशी तुमची होईल. घरी जा, बहिणीकडं बघा." आणि माझ्यासाठी चहा मागवला.

तो चहा मी प्यायले. याची मला आजही लाज वाटते. कप त्यांच्या टेबलावर आपटून यायला हवं होतं. ते खरं बोलले होते, म्हणून तर माझं तोंड बंद झालं. पण खरं बोलूनही माणूस दगा देऊ शकतो, हे मला त्या खोलीत कळलं. पुढं छापील अहवाल घरी आला. त्यात जिनिंगच्या बायांचा खोकला मुख्यतः धुळीचा, असं ठरवलेलं होतं, आणि शेवटच्या पानावर माझे आभार होते. गंमत बघा, धुळीचा ठरूनही एक पंखा लागला नाही तिथं.

काम मी सोडलं. टोळीतल्या बायांना एकेकीला घेऊन दवाखान्यात गेले. कुणी आल्या, कुणी शिव्या दिल्या, एकीला तर रिक्षात कोंबून नेलं. आणखी एक निघाली, त्या दोन नव्या पोरींपैकी. तिचं वेळेवर सापडलं.

आक्काच्या गोळ्यांची जबाबदारी मी घेतली. रोज सकाळी समोर बसून गोळ्या घ्यायला लावायच्या, मग म्हणायचं, "आ कर." जीभ वर, जीभ खाली. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "माझ्यावर इस्वास न्हाई का?" मी म्हणाले, "न्हाई." आक्कानं आ केला.

पण एक गोष्ट उरली होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात सोबत कोण झोपायचं? आक्का म्हणाली, "एकटीच असते." मी शेजारीच उभी. बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "पोरीला कळू देऊ नगंस. तिच्या घरच्यांला तर मुळीच न्हाई. तिला दिवस गेलेत. तुला माझ्या गळ्याची शप्पत." मी "बरं" म्हणाले.

चौथ्या दिवशी मी पोरीला फोन केला. आईला काय झालंय ते सांगितलं, तपासून घे म्हणाले. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती त्याच गोधडीत झोपत होती, तिच्या पोटात लेकरू होतं, मग काय करायला हवं होतं मी? मी चुकले असं मला आजही वाटत नाही. फक्त फोन करताना माझ्या अंगात काळजी जास्त होती की राग, हे मात्र मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पोरीला काही निघालं नाही. सासरची माणसं वाईट नव्हती, तिला टाकून वगैरे काही बोलली नाहीत. एवढंच म्हणाली, की डोहाळजेवण इकडंच करू आणि बाळंतपणही इकडंच. पहिलं बाळंतपण लेकीनं माहेरी करायचं, त्यासाठी आक्कानं जुन्या सुती लुगड्यांची लंगोटं, दुपटी कधीची शिवून ठेवली होती. गोळ्या सुरू आहेत, आता तुमच्यापासून कुणाला लागायचं नाही, असं डॉक्टरांनी आक्काला दोन-तीनदा सांगितलं. मी फोनवर सासूला सांगितलं. "हो हो," म्हणाल्या त्या. डोहाळजेवणाला आक्काला बोलावणं आलं नाही.

त्या फोननंतर आक्का माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी सकाळी जायचे, ती पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली असायची. गोळ्या घ्यायची, मी न सांगता आ करायची, जीभ वर, जीभ खाली, आणि उठून आत जायची. मी वाटेल ते बोलले. भांडले, रडले, एकदा पाया पडले. मी भिंतीशी बोलतेय, अशी ती वागायची. "तू मला फसवलंस ते चालतं, आणि मी तुझ्या पोरीला वाचवायला बघितलं ते चालत न्हाई व्हय?" असंही एकदा ओरडले. ती तांदूळ निवडत राहिली.

सहा महिने झाले. वजन वाढलं, बाह्या दंडाला बसायला लागल्या, थुंकीत काही निघेना. शेवटच्या तपासणीला मी सोबत गेले. ती रिक्षात एका कडेला, मी दुसऱ्या कडेला. डॉक्टर फोटो बघून हसले, "जिंकलात, आजी." आजी म्हटल्यावर आक्काचे डोळे भरून आले. मला वाटलं आता बोलेल. आता तरी बोलेल.

नर्स शेवटचा कागद भरत होती. औषध कोण देत होतं, त्यांचं नाव आणि नातं लिहायचं होतं. तिनं माझ्याकडं पेनानं दाखवत आक्काला विचारलं, "ह्या कोण तुमच्या?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं.

"त्या व्हय?" म्हणाली. "त्या सर्व्हेवाल्या बाई हायत."

नर्सनं तसंच लिहून घेतलं, आणि सही करायला पेन माझ्या हातात दिलं.